अहोंचं पाचवं चाक

*ताई, सप्रेम नमस्कार.*

*आम्ही बत्तीस वर्षं न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. हे 63 चे, मी 60 ची. पुढच्या जूनमध्ये हे निवृत्त होतायत. सप्टेंबरात हर्शीच्या आरव्ही (चाकांवरच्या घरांच्या) प्रदर्शनाला 'नुसतं बघायला' म्हणून गेलो आणि तिथे यांनी एका 42 फुटी आलिशान फिफ्थ-व्हीलमध्ये, म्हणजे पिकअपला जोडून ओढायच्या घरात, जे बूड टेकलं ते तासभर उठलेच नाहीत. घासाघीस करून किंमत 1,45,000 डॉलरवर आली आहे. त्याच रांगेत, त्याच जातीचा 34 फुटी साधा ट्रेलर 70,000 ला होता. मला तोच पुरेसा वाटला. यांचं म्हणणं, 'आयुष्यात एकदाच घ्यायचं तर चांगलं घेऊ, वर्षाचे चार महिने राहणार आहोत त्यात.' आमच्याकडे एफ-150 पिकअप आहे, विक्रेता म्हणाला ट्रक 'थोडा मोठा' लागेल. मुलगी अटलांटाला, तिची दोन मुलं. सासूबाई पुण्यात, 88 वर्षांच्या; दर हिवाळ्यात सहा आठवडे आम्ही तिकडे असतो. पैसे आहेत, कर्ज काढायचं नाही. तरी मला झोप लागत नाही. दुप्पट पैसे मोजण्यासारखं त्यात खरंच काही असतं का? आणि ट्रेलरमध्ये फोडणी करता येते का हो?*

*— एडिसनची एक वाचक*

---

प्रिय मैत्रीण,

फोडणीचं आधी सांगते, कारण तो प्रश्न तुम्ही शेवटी, लाजत लाजत विचारलाय आणि खरं तर तो पहिला असायला हवा होता. करता येते. शेगडी गॅसचीच असते, आच चांगली लागते, कुकरही बसतो. मात्र मोहरी तडतडली की धुराचा अलार्म किंचाळतो आणि हिंगाचा वास पडद्यांत, सोफ्यात आणि पलंगाच्या गादीत आठवडाभर मुक्काम करतो. घर 400 चौरस फुटांचंसुद्धा नसतं हे लक्षात असू द्या. आम्ही दोन महिन्यांत शहाणे झालो. बाहेर ट्रेलरच्या कनातीखाली एक घडीचं टेबल, त्यावर छोटी शेगडी, आणि फोडणी, मासे, पापड सगळं तिथे. शेजारच्या ट्रेलरमधले मिनेसोटाचे आजोबा रोज संध्याकाळी वास घेत खुर्ची आमच्या बाजूला सरकवायचे.

आता 1,45,000 चं.

मी आणि आमचे हे सात वर्षं फिफ्थ-व्हील घेऊन फिरलो. दोन वर्षांपूर्वी विकला. त्यामुळे तुमच्या यजमानांची ती तासभराची बैठक मला चांगली कळते. प्रदर्शनात ट्रेलर उभा असतो, सगळ्या स्लाइड-आउट (खणासारखे बाहेर सरकणारे खोलीचे भाग) बाहेर काढलेल्या, दिवे लावलेले, टेबलावर खोटी लिंबं. बाहेर पाऊस नसतो, खाली चिखल नसतो आणि तो ओढायचा नसतो. तशा अवस्थेत कोणतंही घर सुंदरच दिसतं.

नाव 'पाचवं चाक' का, हे यजमानांना माहीत असेलच, पण तुमच्यासाठी सांगते. घोडागाडीचा पुढचा आस वळावा म्हणून त्याच्यावर एक आडवं चाक बसवलेलं असे, चार चाकांशिवायचं पाचवं. पिकअपच्या मागच्या हौद्यात बसवतात ती हिचची, म्हणजे ट्रेलर जोडायच्या साधनाची, तबकडी त्याच जातीची. ट्रेलरच्या मानेखालचा किंगपिन, म्हणजे जाड पोलादी खुंटी, तिच्यात अडकतो. मागच्या बंपरला लटकणाऱ्या ट्रेलरपेक्षा हा रस्त्यावर कितीतरी शहाण्यासारखा चालतो, कमी डुलतो. ते सुख खरं आहे. पण याचा अर्थ असाही की ट्रेलरच्या वजनाचा मोठा वाटा थेट ट्रकच्या पाठीवर येतो. आणि विक्रेत्याचा 'थोडा मोठा' हा शब्द इथेच फसवा आहे.

एक काम करा. एफ-150 च्या ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडा, चौकटीवर पिवळा-पांढरा स्टिकर असेल. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त नको, असं त्यावर लिहिलेलं असतं. त्या वर्गाच्या पिकअपला हा आकडा बहुतेक 1,500 ते 2,000 च्या दरम्यान असतो. आता 42 फुटी ट्रेलर भांडी, कपडे, पाणी भरून 17,000 पौंडांच्या आसपास जाईल असं धरा. त्याचा 20 ते 25 टक्के भार पिनवर येतो, म्हणजे साडेतीन हजार पौंड तरी. हिच दोनशे. तुम्ही दोघं तीनशे. चार हजार झाले, आणि अजून यांची हत्यारांची पेटी चढायची आहे. त्याला लागतो 'एक-टनी' म्हणतात त्या वर्गाचा डिझेल ट्रक, तोही मागे चार चाकांचा, ज्याला सगळे डुअली म्हणतात. नवा घेतला तर 90,000 च्या घरात. विक्रेत्याने ओढण्याची क्षमता सांगितली असेल, 'अमुक हजार पौंड सहज ओढतो.' ओढतो हो. बैलही ओढतो. पाठीवर किती झेपतं हा प्रश्न वेगळा, आणि तो आकडा जाहिरातीत नसतो, दाराच्या चौकटीवर असतो.

34 फुटी साध्या ट्रेलरलाही एफ-150 पुरणार नाही, हे यजमानांच्या बाजूने सांगायला हवं. तो भरून 11,000 झाला तर पिनवर सव्वादोन-अडीच हजार येतात. त्याला पाऊण-टनी किंवा साधा एक-टनी लागेल, पेट्रोलवरचाही चालेल, 65,000 पर्यंत. तेव्हा ट्रक दोन्हीकडे बदलायचाच आहे. फरक आहे तो 25,000 चा.

म्हणजे तुमच्या घरातलं भांडण 75,000 चं नाही, एक लाखाचं आहे. ट्रेलरचे 75 जादा, ट्रकचे 25.

हा एक लाख कुठे जातो ते पाहू. सात वर्षं वापरून विकलंत असं धरते, कारण सत्तरीनंतर बेचाळीस फूट मागे घेण्याची हौस बहुतेकांची ओसरते. महाग ट्रेलरची किंमत अर्धी झाली तर 72,500 गेले. साध्याची अर्ध्याहून थोडी जास्त उतरली, 40,000 गेले. महागाचा जादा खड्डा 32,500. ट्रकच्या जादा 25,000 पैकी निम्मे, 12,500. आणि तो एक लाख बँकेत चार टक्क्यांनी ठेवला असता तर वर्षाला चार हजार, सात वर्षांचे 28,000. सगळे मिळून 73,000 डॉलर. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, यजमान इंजिनिअर असतील तर ते यातले दोन-तीन खोडून काढतीलच. काढू द्या. उत्तर पाच-दहा हजारांनी हलेल, त्यापलीकडे नाही.

आता या 73,000 ला रात्रींनी भागायचं. ट्रेलरची किंमत डॉलरमध्ये सांगतात पण ती रात्रींमध्ये समजते. यजमान म्हणतात वर्षाला चार महिने, म्हणजे 120 रात्री. सात वर्षांच्या 840. दर रात्री 87 डॉलर जादा, त्या आलिशानपणाचे. निवृत्त माणसाला, ज्याने बत्तीस वर्षं राउट 1 च्या ट्रॅफिकमध्ये घालवली, त्याला एवढी चैन करू द्यावी असं माझं मत आहे.

पण तुमचंच पत्र मी परत वाचलं. दर हिवाळ्यात सहा आठवडे पुणे. त्याच्या आधी खरेदी, बॅगा आणि नंतर जेट लॅग धरून दोन महिने समजा. आणि सासूबाई 88 च्या आहेत. मधेच एखादा फोन आला की एक जण तरी विमानात. डिसेंबर ते फेब्रुवारी हेच तर फ्लोरिडाला जायचे दिवस, थंडीतून पळणारे सगळे तेव्हाच तिकडे असतात, आणि नेमके तेव्हाच तुम्ही सदाशिव पेठेत असणार. उन्हाळ्यात मुलांना सुट्ट्या, तेव्हा नातवंडं तुमच्याकडे येणार किंवा तुम्ही अटलांटाला. सप्टेंबरात गणपती, मंडळाचं काम (तुम्ही लिहिलं नाहीत, पण बत्तीस वर्षं एडिसनला राहून मंडळात नाही असा मराठी माणूस मी पाहिलेला नाही). दिवाळी घरी. दातांचे डॉक्टर, गुडघ्यांचे डॉक्टर, छताच्या पन्हळी साफ करणं. उरले किती? मी कागदावर मांडलं, साठ रात्री निघाल्या, त्याही ओढूनताणून. सात वर्षांच्या 420. दर रात्री 174 डॉलर. आणि हे फक्त *जादा*चे, बरं का. साध्या ट्रेलरचा खर्च, कॅम्पग्राउंडचं भाडं, डिझेल हे सगळं निराळं. ट्रेलर मागे असला की डुअली गॅलनला दहा मैलांच्या आसपासच देते.

त्या भावात चांगल्या हॉटेलात राहाल, आणि चादरी दुसरं कोणी बदलेल.

म्हणून तुमच्या प्रश्नाला 'महाग चांगला की वाईट' असं उत्तर मी देणार नाही. तो बऱ्याच बाबतींत खरोखर चांगला असतो. कुठे, ते सांगते, कारण सगळा पैसा दिव्यांत आणि गालिच्यांत जातो असं समजून घेतलं तर ते यजमानांवर अन्यायाचं होईल.

महागडेपणा दोन जागी असतो, डोळ्यांना दिसणारा आणि पलंगाखाली लपलेला. दिसणारा म्हणजे ती शेकोटी, जिच्यासमोर यजमान बसले होते. ती शेकोटी म्हणजे 1,500 वॅटचा इलेक्ट्रिक हिटर, फळीत बसवलेला, मागे नारंगी दिवा. दुकानात सुटा पन्नास डॉलरला मिळतो. मधला स्वयंपाकाचा ओटा, सिनेमाच्या खुर्च्या, बाहेरचा चकचकीत पूर्ण रंग हे सगळं त्याच खात्यात. रंगाबद्दल थोडं खरं आहे, स्टिकरची नक्षी पाच-सहा वर्षांत उन्हाने तडकते आणि रंग टिकतो. पण तुम्ही तो रंग आतून पाहणार नाही.

लपलेला महागडेपणा मात्र मोलाचा. 7,000 ऐवजी 8,000 पौंड पेलणारे आस. ड्रम ब्रेकऐवजी डिस्क ब्रेक, आणि 17,000 पौंड उतारावर थांबवायचे असतात तेव्हा या एका गोष्टीसाठी मी कोणालाही पैसे खर्च करायला सांगेन. जाड पोलादाची फ्रेम. ट्रकच्या जातीचे साडेसतरा इंची टायर. दुहेरी काचा, भिंतीत आणि पोटाखाली चांगलं इन्शुलेशन. सामान वाहण्याची क्षमता. ही शेवटची जरूर पाहा, ट्रेलरच्या दाराशी पिवळ्या स्टिकरवर लिहिलेली असते. काही आलिशान ट्रेलर स्वतःच इतके जड असतात की तुमच्या सामानाला जागाच उरत नाही. शंभर गॅलन पाणी भरलं की 830 पौंड तिथेच गेले. मग पिठाचा डबा कुठे ठेवायचा?

विजेचं पण एक आहे. मोठ्या ट्रेलरला 50 अँपिअरची जोडणी असते, छोट्या-मध्यम ट्रेलरना पुष्कळदा 30 ची. ऐकायला फार फरक वाटत नाही, पण 50 वाल्याला दोन तारांनी मिळून 12,000 वॅट मिळतात आणि 30 वाल्याला 3,600. फ्लोरिडात एप्रिलमध्ये एसी, मायक्रोवेव्ह आणि इस्त्री एकदम लावली की 30 वाला अंधारात बसतो. साध्या ट्रेलरमध्ये 50 ची जोडणी आणि दुसऱ्या एसीची सोय मिळते का हे विचारा. मिळाली तर महाग ट्रेलरच्या सुखातला मोठा तुकडा तुम्ही थोडक्यात उचलला.

'चार ऋतूंचा' अशी पाटी असेल तर तिच्यावर जाऊ नका. त्या शब्दाला कोणताही पक्का मापदंड नाही, जो तो आपल्या मनाने लावतो. आणि तुम्ही जानेवारीत पुण्यात असणार आहात.

आता एक गोष्ट जी विक्रेता कधीच सांगणार नाही. अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर इंडियानातल्या एल्कहार्ट आणि त्याच्या आसपासच्या गावांत बनतात. सत्तर हजारांचा आणि दीड लाखाचा, दोन्हींचे आस, एसी, पाण्याचे पंप, पुष्कळदा फ्रेमसुद्धा त्याच मोजक्या पुरवठादारांकडून आलेल्या असतात. बांधणारे हात वेगळे असू शकतात, काळजी वेगळी असू शकते. पण महागडा आहे म्हणून गळणार नाही, हे डोक्यातून काढून टाका. आमचा काही स्वस्त नव्हता. दुसऱ्या वसंतात मी स्लाइड-आउटच्या कोपऱ्यात झाडू मारत होते आणि पाय जमिनीत किंचित रुतला. वरच्या सीलमधून हिवाळाभर पाणी झिरपलं होतं, खालची फळी भिजून पापडासारखी मऊ. ज्या दुकानातून घेतला तिथे दुरुस्तीला नेला आणि तो तिथे चाळीस दिवस पडून राहिला. त्या रांगेत आमच्या पुढे एक महागडा होता आणि मागे एक साधा, आणि तिघांची तक्रार एकच. तेव्हापासून आमचे हे दर तीन महिन्यांनी शिडी लावून छतावर चढायचे, सगळे सांधे तपासायचे, जिथे तडा दिसेल तिथे सीलंटची नळी. मी खाली शिडी धरून. सत्तरीच्या माणसाने छतावर चढावं की नाही, यावर आमचा दर तीन महिन्यांनी एक वादही व्हायचा.

वॉरंटी वाचताना एक ओळ शोधा. पूर्णवेळ राहिलात तर वॉरंटी लागू नाही, असं अनेक कंपन्या लिहितात. तुम्ही पूर्णवेळ राहणार नाही, पण यजमान उत्साहाच्या भरात 'घर विकून टाकू' म्हणाले तर ही ओळ दाखवता येईल.

आता रस्ता. तुम्ही लिहिलं नाहीत, पण हे चालवणार कोण? दोघांपैकी एकालाच येत असेल तर तो ट्रेलर एका गुडघ्यावर किंवा एका मोतीबिंदूवर अडकलेला असतो. साउथ कॅरोलायनात फ्लोरेन्सजवळ आय-95 वर आमचा टायर फुटला तेव्हा यांना धक्का बसून रक्तदाब वाढला. पुढचे दोनशे मैल मी चालवलं. आधी मोकळ्या मैदानात चार शनिवार शिकले होते म्हणून जमलं. टायर चारच वर्षांचे होते, नक्षी नवी कोरी. ट्रेलरचे टायर झिजून मरत नाहीत, उभ्या उभ्या म्हातारे होतात. तुम्हीही शिका, आणि शिकताना 34 फूट आणि 42 फूट यांतला फरक तुम्हाला माझ्या पत्रापेक्षा चांगला कळेल.

परवान्याचंही पाहा. कॅलिफोर्नियात 15,000 पौंडांवरच्या फिफ्थ-व्हीलला वेगळा बिनव्यावसायिक क्लास ए परवाना लागतो. टेक्सासमध्ये ट्रक-ट्रेलर मिळून 26,000 पौंडांवर गेलं की तसंच. न्यू जर्सीचा नियम मोटार वाहन कार्यालयात जाऊन विचारा, विक्रेत्याला विचारू नका.

आणि तुम्ही राहता तिथून दक्षिणेला जायचं तर वाटेत बाल्टिमोर. तिथल्या दोन्ही हार्बर बोगद्यांत दहा पौंडांहून मोठा प्रोपेनचा सिलिंडर न्यायला बंदी आहे, आणि फिफ्थ-व्हीलला तीस किंवा चाळीस पौंडांचे दोन असतात. पूर्वी ट्रेलरवाले तिथल्या फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जायचे. मार्च 2024 मध्ये जहाज आदळून तो पूल पडला. आता 695 या रिंगरोडने शहराला पश्चिमेकडून वळसा. शुक्रवारी संध्याकाळी बेचाळीस फूट घेऊन तो वळसा घालणं म्हणजे काय, ते यजमानांना एकदा नकाशावर बोट फिरवून दाखवा.

राष्ट्रीय उद्यानांचं स्वप्न असेल तर आणखी एक. योसेमिटीच्या अप्पर पाइन्स कॅम्पग्राउंडमध्ये ट्रेलरला 24 फुटांची मर्यादा आहे. तुमचे दोन्ही ट्रेलर बाहेर. ग्लेशियरच्या 'गोइंग-टू-द-सन' रस्त्याच्या वरच्या भागात 21 फुटांपेक्षा लांब किंवा आरशांसकट 8 फुटांपेक्षा रुंद गाडी नेता येत नाही. ट्रेलर खाली ठेवून ट्रकने जाऊ म्हणाल तर चार दारांची, आठ फुटी हौद्याची डुअली स्वतःच 22 फुटांच्या आसपास असते. म्हणजे एवढे पैसे देऊन ज्या रस्त्यासाठी गेलात, तो उद्यानाच्या शटलमधून बघायचा. तशी ती शटल छान आहे, मी गेले आहे. आणि हो, तुम्ही दोघं नागरिक असा किंवा ग्रीन कार्डवर, 62 पूर्ण झाल्यावर 80 डॉलरमध्ये उद्यानांचा जन्मभराचा पास मिळतो. यजमानांनी एव्हाना काढला नसेल तर आजच काढा. या सगळ्या व्यवहारातली ती एकमेव बिनधोक खरेदी आहे.

नातवंडांचं राहिलं. त्या आलिशान ट्रेलरचा नकाशा पुन्हा काढून बघा. दीड लाखाचे ट्रेलर बहुधा जोडप्यासाठी आखलेले असतात. राजेशाही पलंग, मोठी न्हाणी, आणि पाहुणा आला तर सोफा ओढून झोपा. 34 फुटीमध्ये मागे दोन मजली बंक मिळू शकतात. अटलांटाच्या दोन पिल्लांना कुठला आवडेल, हे त्यांना विचारायचीही गरज नाही.

मी काय केलं असतं? हर्शीचा ट्रेलर या वर्षी घेतला नसता. साधाही नाही. यजमान जूनमध्ये निवृत्त होतील. ऑक्टोबरात, पानगळीत, दोन आठवड्यांसाठी भाड्याचा फिफ्थ-व्हील घ्या. मालक तो कॅम्पग्राउंडवर आणून, जोडून, उभा करून देतो अशा भाड्याच्या सोयी आता सहज मिळतात, म्हणजे ट्रकही लागत नाही. मोठाच घ्या, चाळीस फुटांच्या वरचा, यजमानांच्या मनासारखा. आत फोडणी करा. सांडपाण्याची नळी एकदा तुम्ही जोडा, एकदा त्यांना जोडू द्या. सलग तीन दिवस पाऊस पडला तर सोन्याहून पिवळं, कारण ट्रेलर कळतो तो पावसात. दोन आठवड्यांनी ते म्हणाले 'अजून एक आठवडा वाढवू का?' आणि तुमच्याही मनात तेच असेल, तर पुढे चला.

आणि पुढे म्हणजे नवा नव्हे. तीन ते पाच वर्षांचा, आलिशान वर्गातला, लपलेला महागडेपणा असलेला. पहिल्या मालकाने किमतीचा मोठा उतार सोसलेला असतो आणि बरीचशी कारखान्यातली दुखणी निस्तरलेली असतात. एखादा आजी-आजोबांनी फार न वापरलेला, छपराखाली ठेवलेला मिळाला तर उत्तम. राष्ट्रीय आरव्ही निरीक्षक संघटनेचे प्रमाणित निरीक्षक असतात, दुकानाशी संबंध नसलेला एक स्वतः शोधून बोलवा. हजार-बाराशे डॉलर घेतील, पण छतापासून जमिनीपर्यंत ओल मोजतील, टायरची तारीख वाचतील. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ते तुम्हीही वाचू शकता, आणि विक्रेत्यासमोर वाकून वाचलेत की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

कॅलेंडर साठ रात्रीच म्हणत असेल तर वापरलेला 34 फुटी, 50 अँपिअरवाला, नवे टायर घालून. उरलेल्या पैशांत सासूबाईंकडे जाताना बिझनेस क्लास. तुमच्या यजमानांना आराम खुर्ची हवी आहे ना, ती तिथेही असते.

तुमच्या झोपेबद्दल मला एक शंका आहे. पैशांनी झोप उडाली असं तुम्ही लिहिलंय, पण पैसे आहेत असंही लिहिलंय. मला वाटतं, त्या तासाभरात तुम्ही उभ्या होतात आणि तुम्हाला कोणी विचारलं नाही, 'तू कुठे बसणार?' हे त्यांना सरळ सांगा. रागावून नको, जेवण झाल्यावर, वही घेऊन बसा आणि येत्या वर्षाचे बारा महिने दोघांनी मिळून भरा. पुणे, अटलांटा, गणपती, डॉक्टर, सगळं. ट्रेलरच्या रात्रींना हिरवी शाई.

मग हे पत्र त्यांना वाचायला द्या. क्रम मात्र चुकवू नका. आधी पत्र वाचलं तर ते हिरव्या रात्री वाढवतील. आमच्या ह्यांनी वाढवल्या होत्या.

तुमची,
ताई